काटा उतरला तेव्हा

आम्ही दोघेही साहित्य शिकवतो. चिन्ह, संकेत, सूचन हे शब्द वर्गात रोजच आमच्या तोंडी असतात. तरीही गेल्या मार्चमध्ये, आंबा घाट चढताना, डॅशबोर्डवरचा बोटाच्या पेराएवढा एक काटा आम्हांला वाचता आला नाही. या लेखाचा विषय तो काटा आहे, आणि त्या काट्याच्या निमित्ताने कळलेली, पण उशिरा कळलेली, एक गोष्ट.

गाडी दादाची. आमच्यापैकी एकीचा तो सख्खा थोरला भाऊ. दुसऱ्याचा मेहुणा असला तरी संबोधन दोघांचेही 'दादा' हेच. रत्नागिरीत एकटा राहणाऱ्या या माणसाने पन्नाशीनंतर एक हौस केली होती. मुंबईहून जुनी, लाल रंगाची, छत मागे दुमडता येणारी दोन आसनांची स्पोर्ट्स कार आणली होती. बनवणाऱ्या कंपनीचे नाव सांगत नाही, कारण जे घडले त्यात दोष तिचा नव्हता. जानेवारीत दादा गेला. गाडी विकून टाकावी असे सर्वांचे मत पडले. आम्हांला ते जमेना. मार्चच्या अखेरीस ती कोल्हापूरला आणायचे ठरवले.

सात-आठ महिने ती कौलारू शेडमध्ये उभी होती. आम्ही नवी बॅटरी बसवली, टायरमध्ये हवा भरली, ऑइल बदलले, कूलंटची पातळी पाहिली. रेडिएटरकडून इंजिनाकडे जाणारे होज पाइप वरून पाहिले: काळे, गुळगुळीत, कुठे भेग नाही. हे 'वरून पाहणे' पुरेसे नसते, हे आता ठाऊक झाले आहे. होजचे रबर पुष्कळदा आतून झिजते. कूलंट आणि इंजिनातले वेगवेगळे धातू यांच्यामध्ये सूक्ष्म विद्युत्-रासायनिक क्रिया चालू राहते आणि तिच्यामुळे रबराच्या आतल्या अंगाला बारीक चिरा पडतात. त्या आतल्या धाग्यांच्या विणीपर्यंत पोचल्या, तरी बाहेरचा पृष्ठभाग तसाच तुकतुकीत राहतो. गाडी थंड असताना होजचे टोक, क्लिपेच्या जवळ, बोटांनी दाबून पाहिले तर तिथला मऊपणा हाताला कळतो. डोळ्यांना कळत नाही.

हातखंबा, पाली, नाणीज असे करीत आम्ही साखरप्याला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिथून चढ लागतो. छत उघडे होते. दादाने ही गाडी का घेतली असेल याचे उत्तर वळणावळणावर मिळत होते, आणि ते मिळत असल्यामुळे आम्ही दोघेही गप्प होतो. घाटाच्या साधारण मध्यावर एक गोडसर वास आला. आमच्यापैकी एकजण म्हणाला, "गुऱ्हाळ आहे वाटतं जवळपास." कोल्हापूरच्या माणसाला गोड वास आला की गुऱ्हाळच आठवते. आंबा घाटात उभ्या डोंगरावर गुऱ्हाळ कुठून येणार, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. तो वास तापलेल्या कूलंटमधल्या ग्लायकॉलचा होता.

मग काटा वर सरकू लागला. लाल पट्टीच्या जवळ गेला. थांबायला जागा नव्हती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागे एक बस. "पुढच्या वळणानंतर थांबू," असे म्हणेपर्यंत काटा थरथरला आणि खाली येऊ लागला. मध्यावर आला, मध्याच्याही खाली गेला. जी चाक धरून होती तिने श्वास सोडला. "उतरला बघ." आम्ही थांबलो नाही. तीन-चार किलोमीटर तसेच चढत राहिलो, आणि ते सर्व अंतर, हे लिहायला लाज वाटते, आनंदात होतो. त्यानंतर इंजिनाचा जोर गेला, आतून ठकठक असा कोरडा आवाज आला, आणि गाडी एका वळणाच्या पोटात बंद पडली. काटा तेव्हाही खालीच होता.

मागून येणारा एक ट्रक थांबला. चालक पन्नाशीचा, बरोबर क्लीनर पोरगा. बॉनेट उघडले. वरचा होज क्लिपेजवळ वीतभर फाटला होता. आम्ही रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला तसा तो ओरडला, "ताई, झाकणाला हात लावू नका. आत वाफ कोंडलेली असंल." एक तास काही करायचे नाही, असे सांगून त्याने दगडावर बसून तंबाखू मळली. आम्ही विचारले, "पण काटा तर खाली होता?" तो हसला नाही. म्हणाला, "पाणी हाय तवर काटा हाय, ताई. पाणीच गेल्यावर काटा काय सांगणार?"

यंत्राचे गणित असे आहे. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. त्यात निम्मे ग्लायकॉल मिसळले की हा बिंदू १०७ अंशांच्या आसपास जातो, आणि झाकणाने यंत्रणेत सुमारे एक वातावरण इतका जादा दाब धरून ठेवला की १२५च्याही पुढे. होज फाटला की दाब जातो, उरलेले द्रव भडाभडा उकळून बाहेर पडते. तापमान मोजणारा सेन्सर मात्र द्रवात बुडालेला राहील याच भरवशावर बसवलेला असतो. त्याच्याभोवती द्रव न राहता नुसती हवा नि वाफ उरली, की त्याला धातूची खरी धग नीट पोचत नाही आणि काटा खाली येतो. इंजिन सर्वांत धोकादायक उष्णतेकडे जात असते, नेमका तेव्हाच तो निवांत दिसतो.

त्या दगडावर बसून आम्हांला न्यायशास्त्रातले जुने उदाहरण आठवले. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. अनुमानाचा हा पाठ अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त आहे आणि तो आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. त्याची उलट बाजू सांगताना मात्र घाई करीत आलो. जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीपासून धूर निघायला एक अट लागते: इंधन ओले हवे. नैयायिक या अटीला 'उपाधी' म्हणतात. ही उपाधी नजरेआड झाली की धूर नाही म्हणून आगही नाही, असा निष्कर्ष काढायला आपण मोकळे होतो. आमच्यासमोर बॉनेटखाली तो लोखंडाचा गोळाच होता. धूर नव्हता, कारण ओल संपली होती.

इथवर हे सारे यंत्राविषयी होते. पण आम्ही दोघे एकमेकांकडे पाहीनासे झालो, ते यंत्रामुळे नव्हे.

आजारपणाच्या वर्षात दादा दर रविवारी फोन करायचा आणि पाऊण तास तक्रारी सांगायचा. डॉक्टर नीट बोलत नाही, डबा आळणी येतो, औषधाने तोंड कडू होते, शेजारच्यांचा कुत्रा रात्रभर भुंकतो, तुम्ही येतो म्हणता आणि येत नाही. आम्ही फोन स्पीकरवर ठेवून उत्तरपत्रिका तपासायचो. नोव्हेंबरपासून तक्रारी थांबल्या. "बरंय. तुम्ही कसे आहात? ठेवतो." दोन मिनिटांत फोन संपू लागला. आम्ही एकमेकांना म्हणालो, उतार पडलेला दिसतोय. हाच शब्द: उतार. दिवाळीनंतर जायचे ठरले होते, ते नाताळाच्या सुट्टीवर गेले, मग सत्रान्ताच्या कामांमुळे जानेवारीवर. रत्नागिरी आमच्या घरापासून सुमारे १३० किलोमीटर आहे.

आजार उतरला नव्हता. माणसाने माणसाकडे तक्रार करावी यासाठीही एक उपाधी लागते, आणि मराठीने तिला पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे: ओलावा. ऐकणारा आपले ऐकतो आहे, एवढ्या ओलाव्यावर माणूस कण्हतो, चिडतो, रुसतो. तो आटला की कण्हणे थांबते. आम्ही गेलो असतो तर दादा वाचला असता, असे नाही. डॉक्टरांनी तसे कधी म्हटले नाही. पण आम्ही गेलो असतो.

तासाभराने चालकाने क्लीनरला ओढ्यावर पाठवले. फाटलेला होज कोरडा पुसून त्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या, वरून तार आवळली. इंजिन पुरेसे निवल्यावर पाणी थोडे थोडे करून ओतले. तापलेल्या धातूवर गार पाणी एकदम पडले तर तो तडकतो. झाकण त्याने पुरते आवळू दिले नाही, म्हणजे दाब वाढून पट्ट्या सुटणार नाहीत. तीनदा थांबत, पाणी भरत, आम्ही आंबा गाव गाठले. पुढे गाडी टेम्पोवर चढवली. पैसे द्यायला गेलो तर चालक म्हणाला, "पोराला चहाला द्या."

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या मिस्त्रीने इंजिन उघडले. ॲल्युमिनिअमचे हेड वाकले होते, गॅस्केट उडाले होते. उष्णतेने ॲल्युमिनिअम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. लोखंडी ब्लॉकवर आवळलेले हेड तापले की वाकायचेच. फेसिंग करून ते सपाट झाले. खर्च दादाच्या गाडीच्या किमतीच्या मानाने बराच झाला. मिस्त्रीने विचारले, "पहिल्यांदा काटा वर गेला तेव्हाच का नाही थांबलात?" त्याला आम्ही उत्तर दिले नाही.

गाडी आता दारात आहे. सगळे होज नवे आहेत. तरीही दर रविवारी सकाळी, ती थंड असताना, आम्ही बॉनेट उघडून एकेक टोक बोटांनी दाबून पाहतो. नंतर हात धुऊन रत्नागिरीला आत्याला फोन लावतो. ती ऐंशीची आहे. "बरं आहे हो माझं," असे ती म्हणाली, की आम्ही फोन ठेवत नाही. कशाबद्दल तरी ती कुरकुर करू लागेपर्यंत बोलत राहतो.