मुठीचा डबा



तिसरीच्या वर्गात 'घरातील कामे' हा विषय चालू होता. मी विचारलं, "घरात सगळ्यात जास्त काम कोण करतं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "आई!" मग मी विचारलं, "आणि आईला मदत कोण करतं?" वर्ग गप्प. शेवटी एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, आईला आवडतंच काम करायला." मुलं हसली, मीही हसले. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण लहानपणी मलाही अगदी तसंच वाटायचं.

आमचं घर नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. मराठी ख्रिस्ती कुटुंब. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामाला होते. हंगाम संपला की मिळेल ते काम करायचे. आई घर सांभाळून शिलाई मशीन चालवायची. ब्लाउज, परकर, साडीला फॉल, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, काही म्हणून सोडायची नाही. पहाटे उठून पाणी भरायची, भाकरी थापायची, आम्हाला शाळेत पाठवायची आणि मग मशीनवर बसायची. रविवारी मात्र मशीनवर चादर टाकलेली असायची. त्या दिवशी उपासना आणि पाहुणे.

आमच्या घरात डालड्याचा एक जुना डबा होता. दळणाची ज्वारी निवडून झाली की आई घरातल्या माणसागणिक एक मूठ ज्वारी त्या डब्यात टाकायची. आम्ही चौघं, म्हणून चार मुठी. महिनाअखेरीला ती ज्वारी कुणाकडे तरी जायची. कधी बाळंतिणीच्या घरी, कधी एकट्या म्हातारीकडे. ते घर चर्चला येणारं आहे की नाही, हे तिनं कधी पाहिलं नाही. आमच्याकडे धान्य कमी असेल तेव्हा मूठ लहान व्हायची, पण डब्यात पडायची जरूर. मला तेव्हा या डब्याचा राग यायचा. आपल्यालाच पुरत नाही आणि लोकांना कशाला, असं वाटायचं.

२००६ साली माझा डी.एड.ला नंबर लागला. आईनं ट्रंकेत साडीच्या घडीखाली प्रवेशाचे पैसे जमवून ठेवले होते. फी भरायच्या दोन दिवस आधी शेजारच्या वहिनींना अवेळी कळा सुरू झाल्या. तालुक्याला न्यायला जीप पाहिजे होती आणि त्यांच्या घरात रोख पैसा नव्हता. आईनं ट्रंक उघडली आणि बाराशे रुपये काढून दिले. मी भांडले. "आधी आपलं घर बघ ना! माझी फी कोण भरणार?"

आई एवढंच म्हणाली, "तुझी फी परवा आहे. तिला आत्ता जायचंय."

नंतर दोन रात्री मशीनचा आवाज चालू होता. लग्नसराईची राहिलेली शिलाई तिनं उरकली, सकाळी घरोघर कपडे पोचवले आणि थकलेली उधारी मागून आणली. तिसऱ्या दिवशी पहाटे माझ्या हातात फीचे पूर्ण पैसे ठेवले. डोळे लाल झाले होते. मी पैसे मोजून घेतले आणि एसटी पकडली. शेजारच्या वहिनी आणि बाळ दोघंही सुखरूप घरी आले.

पुढे मी शिक्षिका झाले. मग पवित्र शास्त्रातला नीतिसूत्रे या पुस्तकाचा ३१ वा अध्याय नीट वाचला. आमच्याकडे लग्नात, मातृदिनाला, बाईच्या अंत्यविधीलासुद्धा हा अध्याय वाचतात. त्यात सद्गुणी स्त्रीचं वर्णन आहे. ती लोकर आणि ताग मिळवते, रात्र असतानाच उठते, शेत पारखून विकत घेते, कापड विणून विकते. १९ व्या ओवीत तिचे हात सूत कातताना दिसतात आणि लगेच २० व्या ओवीत तेच हात गरिबापुढे उघडतात. कष्ट आणि दातृत्व वेगळे नाहीत, ते एकाच हातांचे आहेत, हे मला तिथे दिसलं. आईच्या डब्याचा अर्थही तेव्हाच लागला. शिल्लक होतं म्हणून ती देत नव्हती. द्यायचं होतं म्हणून ती जास्त राबत होती.

आपल्या नगर जिल्ह्याशी नातं असलेलं असं एक मोठं उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६). त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी तो काही वर्षांनी, स्वतः विचार करून स्वीकारला. टिळकांचा हात सढळ, पैसा घरात टिकायचा नाही. त्यातून संसार चालवायचा लक्ष्मीबाईंनी, आणि त्याच संसारात निराधार मुलांनाही जागा द्यायची. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सगळं लिहिलं, पण देवीचा मुखवटा घालून नाही. त्या चिडतात, भांडतात, फजिती सांगतात, हसतात. दातृत्वाची किंमत घरातली बाई कशी मोजते, हे त्या लपवत नाहीत. म्हणून त्या मला जवळच्या वाटतात.

मागच्या नाताळात आई माझ्याकडे आली होती. करंज्या करताना मी तिला ती फीची गोष्ट आठवण करून दिली. म्हटलं, "आई, मी तेव्हा किती बोलले तुला." मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे गं. ती थोडा वेळ करंजीला मुरड घालत राहिली. मग म्हणाली, "तू बोललीस त्याचं काही नाही. लहान होतीस. पण त्या दोन रात्री काज-बटनं करायला उठली असतीस, तर बरं झालं असतं."

मला काही बोलता आलं नाही. अठरा वर्षांची होते मी. शेजारच्या खोलीत रागावून झोपले होते.

आपण अशा बायांचं कौतुक खूप करतो. निबंधात 'माझी आई' लिहितो, दहापैकी नऊ गुण देतो. पण त्या ३१ व्या अध्यायातल्या स्त्रीच्या हाताखाली दासी होत्या, हे आपण विसरतो. माझ्या आईला एकही नव्हती. आणखी एक गोष्ट. त्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत म्हटलं आहे की हे बोल लमुएल राजाला त्याच्या आईनं शिकवले. म्हणजे हा धडा मुळात एका मुलाला दिलेला आहे. आपण मात्र तो फक्त मुलींना वाचून दाखवतो.

म्हणून यंदा वर्गात एक छोटा उपक्रम घेतला. प्रत्येक मुला-मुलीनं आठवडाभर घरातलं एक काम स्वतःकडे घ्यायचं आणि ते न सांगता करायचं. गणिताच्या तासाला तराजूवर मूठभर ज्वारी मोजली. माझी मूठ साधारण ४० ग्रॅम भरली. चार मुठी, महिन्यात आठ दळणं, म्हणजे ३२ मुठी. मुलांनी हिशेब केला, १२८० ग्रॅम. "बाई, एवढीशी मूठ आणि सव्वा किलोच्या वर?" थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण त्या दिवशी फळ्यावर लिहावी लागली नाही.

आठवड्यानंतर तो 'आईला आवडतं' म्हणणारा मुलगा सांगत होता, "बाई, मी रोज भांडी घासली. कंटाळा येतो हो."

मी म्हटलं, "आईलाही येतो, बाळा."

पालकहो, घरी जमलं तर असा एक डबा ठेवून बघा. आणि त्यात मूठ टाकणारे हात घरातल्या सगळ्यांचे असू द्या. आता आमच्या घरी दळण माझा मुलगा निवडतो. आई फोनवर विचारते, "खडे राहत नाहीत ना गं?" राहतात थोडे. चालतं.