बादलीभर पाणी

सायकलीवरून लांबचा प्रवास करणारास स्वावलंबनाचा एक गोड अहंकार जडतो. तो आम्हांसही जडला होता. १९२३ साली मुंबईहून सायकलींवर निघून १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे हकीम, बापासोला व भूमगरा हे आमचे आदर्श. त्यांनी इराण ओलांडले; मग पोखरणहून जेसलमेर, सुमारे ११० किलोमीटर, आम्हांस जड का जावे?

वाटेत बाभळीचा काटा चाकात शिरला. ट्यूब पाण्यात बुडवावी, बुडबुडे येतील तेथे भोक, एवढीच आमची विद्या. जवळच्या वस्तीवर एका वृद्ध गृहस्थांपाशी आम्ही बादलीभर पाणी मागितले. तहान लागली असेल म्हणून त्यांनी टांक्याचे झाकण लगबगीने उघडले. ट्यूब बुडवावयाची आहे हे कळताच ते क्षणभर थबकले. टांके म्हणजे जमिनीत बांधलेला हौद. पावसाचे वाहून आलेले पाणी त्यात साठवावयाचे व ते पुढल्या पावसापर्यंत पुरवावयाचे. आणि तेथील पाऊस तो किती!

तरीही त्यांनी ‘नाही’ म्हटले नाही. भरलेली बादली पुढे ठेवली. लाज वाटली ती आम्हांसच. आम्ही ट्यूब फुगवून ओठांजवळून फिरवली; सुटणारा वारा ओठांस लागला आणि भोक सापडले. आजोबा हसले व त्याच बादलीतील पाणी तांब्यात घेऊन त्यांनी आम्हांस पाजले.

स्वतःच्या पायांच्या बळावर किती कोस तोडले, हे आम्ही मोठ्या हौसेने सांगत असू. त्यांतील किती कोस दुसऱ्याच्या पाण्यावर तोडले, याचा हिशेब मात्र आम्ही कधी ठेवलाच नव्हता.