ताईला पत्रे: रेडिंग, वाँटेज, चेल्टनम, स्वान्सी

रेडिंग, रविवार रात्र

प्रिय ताई,


पोचल्याचे फोनवर कळवलेच होते, पण तुला कागदावरचे पत्र हवे, म्हणून हा पसारा. आईला मोठ्याने वाचून दाखव, फक्त थंडीचा मजकूर गाळ. नाहीतर ती रात्रभर माझ्या स्वेटरची काळजी करत बसेल.

थंडी आहेच. मार्च लागला म्हणून नगरला तुम्ही पंखे सुरू केले असतील. इथे जिच्या घरी उतरले ती निशा रात्री नऊला हीटर बंद करते, कारण बिल. मी दोन मोजे, कानटोपी आणि तुझी जुनी शाल अशा अवतारात लिहिते आहे.

तूप गेले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बॅग उघडली, बाजरीचे पीठ हुंगून बाजूला ठेवले, शेंगदाण्याची चटणी बोटाने दाबून पाहिली आणि तुपाचा डबा उचलला. दुधाचे काही आणायचे नाही म्हणे. नियम असेल, मान्य. पण तो डबा त्याने दोन बोटांनी, नाक मुरडून, मेलेल्या उंदरासारखा पिंपात टाकला. 'घरचे आहे,' म्हटले, तर मान वर न करता 'नेक्स्ट'. दोन दिवस झाले तरी राग जात नाही. आईने ते कढवताना मला स्वयंपाकघरातून हाकलले होते, आठवते ना?

आज लेंटचा पहिला रविवार. इथल्या चर्चमध्ये गेलो होतो. माणसे थोडी, बहुतेक माझ्याहून म्हाताऱ्या बायका. पापकबुलीच्या प्रार्थनेआधी पाळकबाईंनी आत्मपरीक्षणासाठी शांतता ठेवायला सांगितली. मी डोळे मिटून कुठून सुरुवात करावी याचा विचार करते आहे, तोवर ती संपलीसुद्धा. आपल्याकडे तरी वेगळे काय होते? प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब करिंथकरांस पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय वाचतात, प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी म्हणून, आणि तेवढ्यात आपण मागे वळून बघतो, आज कोण आले नाही.

तू यंदाही लेंटसाठी चहा सोडला आहेस ना? गेल्या वर्षी तू काय सोडले आहेस ते ईस्टरपर्यंत गल्लीला माहीत होते. रागावू नकोस. इथे चिडायला मला दुसरे कोणी नाही. निशाला बोलले तर ती हीटर आठलाच बंद करेल.

आईची गुडघ्याची गोळी सकाळची आहे, रात्रीची नाही.

तुझी,
सुमी

वाँटेज, मंगळवार

प्रिय ताई,

चहाच्या दुकानात बसून लिहिते आहे. चहा तीन पौंड, आणि कपात तरंगणारी पिशवी आपणच काढायची. निशा ऑफिसचा फोन घेऊन बाहेर उभी आहे, तोवर जमेल तेवढे.

या गावाला रेल्वे नाही. डिडकॉटपर्यंत गाडी, पुढे बस. बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढे बसले, लहान पोरासारखी. दोन्ही बाजूंना ओली शेते, त्यांत मेंढ्या. चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे, हातात कुऱ्हाड; १८७७ सालापासून उभा आहे, म्हणजे पंडिता रमाबाईंनीही तो पाहिला असणार. पुतळ्याचे एवढे पुरे.

चर्चमध्ये मात्र तासभर बसलो. आईला सांग, इथेच. २९ सप्टेंबर १८८३. रमाबाई पंचवीस वर्षांची विधवा, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. दोघींचा बाप्तिस्मा एकाच वेळी. त्याच वर्षी, याच गावात, त्यांच्या सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली होती. आपल्या चर्चमध्ये रमाबाईंची जयंती होते तेव्हा ही गोष्ट कोणी सांगत नाही. मी त्या गार बाकावर बसून त्याचाच विचार करत होते. परका देश, सोबतीण गेलेली, लेकरू लहान, आणि अशा मनःस्थितीत एवढा मोठा निर्णय.

इथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना मायेने सांभाळले. रमाबाई त्यांना पत्रांत 'आजीबाई' म्हणत. पण त्या पत्रांतले खटके वाच, आपल्या घरातले वाटतील. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, अंडेही नको. सिस्टरना त्यात जातीचा अभिमान दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरे चालतात, मग संस्कृत का नको, हा दुसरा वाद. त्रैक्यावरून तर किती पत्रे गेली-आली. सिस्टरना वाटे, बाप्तिस्मा झाला, आता मुकाट्याने ऐकावे. आणि रमाबाईंचे म्हणणे साधारण असे की, एका पुरोहितवर्गाच्या हातून आत्ताच सुटले, ते माझी सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती सोपवायला नव्हे.

हे तुला लिहिण्याचे कारण सांगते. मी इथे एखाद्या तीर्थाला यावे तशी आले होते, आणि बाकावर बसल्यावर ध्यानात आले की जे पाहायला आले ते इथे घडलेच नाही. ते घडले पुढे आठ वर्षांनी, १८९१ साली, तिकडे आपल्याकडे. त्यांची शारदा सदन संस्था सुरू झालेली, जगभर नाव झालेले. तेव्हा त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र आले. हा गृहस्थ व्यासपीठावर उभा राहून प्रवचन देता देता स्वतःच्याच प्रवचनाने बदलला! ते वाचून रमाबाईंनी स्वतःला विचारले आणि उत्तर लपवले नाही: मला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला का? पुढे १९०७ साली त्यांनी ते आपल्या साक्षीत छापूनही टाकले. परदेशी देणग्यांवर संस्था चालवणाऱ्या बाईने असे लिहायचे म्हणजे बघ.

आपण तर जन्मतःच मंडळीत. आपल्याला कोणी विचारलेच नाही आणि आपणही कोणाला विचारले नाही. बाळपणी बाप्तिस्मा, मग दृढीकरण, मग संडे स्कूल शिकवायला उभ्या. कोणत्या वर्षी कोणते बक्षीस मिळाले ते सगळे पाठ आहे. रमाबाईंचा तो प्रश्न मला घातला असता तर मी बहुधा बक्षिसांची यादी दिली असती.

निशा आली. बस सुटेल.

सुमी

चेल्टनम, गुरुवार, पहाटे

ताई,

झोप नाही. खाली रस्त्यावर पुरुष गात आहेत, आणि भजन नव्हे.

मार्चमध्ये या गावात घोड्यांच्या शर्यतींचा मोठा मेळा भरतो आणि तो नेमका याच आठवड्यात आहे, हे कळले तोवर खोलीचे पैसे भरून झाले होते. एका रात्रीचे १८० पौंड! रुपयांत वीस हजारांच्या वर. एवढ्यात आईच्या गुडघ्याची वर्षभराची औषधे येतील. खोलीत खिडकी आहे, ती उघडत नाही. पलंगावर सहा उशा. सहा उशा कोणाला लागतात?

गावभर चौकड्यांच्या कोटातले, टोपीवाले लोक. बायका या थंडीत उघड्या दंडांनी, डोक्यावर पिसांचे काहीतरी. नाश्त्याला माझ्या टेबलावर एक आयरिश आजोबा बसले होते. पेपरातल्या घोड्यांच्या नावांसमोर पेन्सिलीने खुणा करत होते. मला विचारले, कोणता घोडा? म्हटले, मी लेंट पाळते. त्यांनी अगदी गंभीरपणे टोपी काढली आणि म्हणाले, मी पण पाळतो, दारू सोडली आहे, घोडे सोडले नाहीत. मला हसू आले आणि ते आवडलेही. काय सोडले आणि काय नाही, हे त्या माणसाला नेमके माहीत होते.

नाश्ता म्हणजे टोमॅटोच्या गोड रशातले राजम्यासारखे दाणे, टोस्टवर. चटणी बॅगेत होती. चारचौघांत पुडी सोडली. आजोबांनीही मागितली. ठसका लागला, पण पुन्हा मागितली.

लेडीज कॉलेज बाहेरून पाहिले. मोठे आहे, दगडी आहे. रमाबाई १८८४ पासून इथे होत्या. शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. डॉक्टर व्हायला निघालेली बाई, पण कानांनी दगा दिला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपसाहेबांनी मत दिले, नको म्हणून. रमाबाईंनी विचारले असेल असे वाटते ना, की यात बिशपांचा काय संबंध? विचारलेच, आणि चांगल्या धारदार शब्दांत. प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचे बरे जमले. बीलबाईंनी शंकांना शंकाच राहू दिले, दटावले नाही.

आपल्या घरात आप्पा शंका विचारणाऱ्याला काय म्हणत, तुला माहीत आहे. 'आधी अंगण झाड.' त्यातही काही तथ्य होते, असे या गावात पहाटे चार वाजता वाटते आहे.

नगरची फार आठवण येते. शेवभाजी खाऊन रात्री गच्चीवर बसावे, तुझी कुरकूर ऐकावी.

सुमी

स्वान्सी, शनिवार

प्रिय ताई,

हे शेवटचे पत्र. माझ्याआधी पोचेल की मागून, टपालखाते जाणे. पाऊस आडवा येतो आहे. समुद्र दिसतो म्हणून खोली घेतली, खिडकीतून करडा पडदा दिसतो.

बाजारात इथला खास पदार्थ खाल्ला: समुद्रातले शेवाळ तासन्‌तास शिजवून केलेला काळपट हिरवा लगदा. तो ओटच्या पिठात घोळून तव्यावर परततात, सोबत शिंपल्या. अलिबागच्या वहिनींना सांग, त्यांच्या तिसऱ्यांच्या जवळपासही नाही. पण गरम होते, आणि विकणारी बाई मला 'लव्ह' म्हणाली. विमानतळावरच्या त्या माणसाला इथे दोन महिने नोकरीला ठेवायला हवे.

सकाळी बसने लखरला गेले. मोरिया चॅपल. बाहेर स्मारकाचा खांब आहे, मागे इव्हान रॉबर्ट्सची कबर. पोरगा कोळशाच्या खाणीत वाढलेला, मग लोहारकीची उमेदवारी, पाळक व्हायला शिकायला गेलेला. ३१ ऑक्टोबर १९०४, सोमवार. प्रार्थना संपल्यावर तरुणांना थांबा म्हणाला. थांबली सतरा माणसे. सांगितल्या चारच गोष्टी: माहीत असलेले प्रत्येक पाप कबूल करा, ज्याबद्दल मनात संशय आहे ते सोडा, आत्मा सांगेल ते लगेच करा, ख्रिस्ताला लोकांसमोर कबूल करा. काही महिन्यांत वेल्समध्ये लाखभर माणसे मंडळीत आल्याचे तेव्हा मोजले गेले. दारूची दुकाने ओस पडली. खाणीतल्या तट्टांना कामगारांचे बोलणे कळेना म्हणतात, कारण त्यात शिव्या उरल्या नव्हत्या. आणि माणसे जुनी देणी फेडू लागली. दुकानदारांनी आशा सोडून दिलेल्या उधाऱ्या परत आल्या.

रॉबर्ट्स मात्र दीड-दोन वर्षांत पार थकला आणि गर्दीपासून दूर झाला. नंतर कितीतरी वर्षे जगला, १९५१ पर्यंत, पण फारसा दिसला नाही. येताना बसमधून दोन चॅपले पाहिली, दारावर 'विकणे आहे'च्या पाट्या. म्हणजे लाट ओसरते, हे इथेही खरेच. तरी वाण्याला परत मिळालेले पैसे परत मिळालेच. ते काही ओसरून त्याच्या खिशातून गेले नाहीत. चॅपल बंद पडल्याचे वाईट वाटताना मला एवढाच आधार वाटला.

याची बातमी केडगावला रमाबाईंच्या संस्थेत गेली हे तुला माहीत आहे. जानेवारी १९०५ पासून रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेला बोलावले. आधी सत्तरेक, जूनपर्यंत साडेपाचशे, दिवसातून दोनदा. २९ जूनच्या रात्री तिथेही तसेच संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, सुरू झाले. एक मुलगी पेटली असे वाटून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, ही गोष्ट आपण दर वर्षी ऐकतो. आपली पणजी तेव्हा तिथे होती, तेरा-चौदा वर्षांची, दुष्काळातून आलेली. आई सांगते, पणजी आगीबद्दल कधी बोलली नाही. ती सांगे, त्या रात्रीनंतर तिच्या बरोबरच्या मुलीने चोरलेली ओढणी परत केली आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी जात्यावर बसून दळण दळले, कारण इतक्या जणींना भाकरी लागतेच.

गाडीत मी या सगळ्याची जुळणी करत होते. रमाबाईंचे परीक्षण त्यांच्या वतीने कोणाला करता आले नाही. आजीबाईंना नाही, बिशपांना नाही. आठ वर्षे लागली, ते त्यांचे त्यांनीच केले. पण झाल्यावर ते मनात ठेवून भागले नाही. ते छापले गेले, दुष्काळात मुली आणायला गेले, बायबलच्या भाषांतराला बसले, मरेपर्यंत. वेल्समध्ये ते वाण्याच्या वहीत उतरले. जे परीक्षण शेजाऱ्याला कधी कळतच नाही, त्याबद्दल मला आता शंका येते. आणि तू सोडलेल्या चहासारखे जे नुसतेच शेजाऱ्याला कळते, त्याबद्दल तर आधीपासूनच होती.

तेव्हा आता कामाचे. आप्पांनी विहिरीसाठी शांतूकाकांकडून घेतलेले चार हजार. १९८६ साल. काका गेले, काकू सावेडीला मुलाकडे आहेत. त्यांनी कधी मागितले नाहीत म्हणून विषय मिटला, असे आपल्या घरात सगळे म्हणतात. तो मिटलेला नाही. व्याज किती यावर भाऊशी वाद घालू नकोस; माझ्या खात्यातून पन्नास हजार काढ, पासबुक कपाटात आईच्या साड्यांखाली आहे. काकू 'कशाला आता' म्हणतील. म्हणू दे. पाकीट ठेवून ये.

आणि तूच जा. भाऊला पाठवलेस तर तो पावती मागेल.

सुमी