विहिरीवरचा म्हातारा

दौलताबादच्या पुढे, खुलताबादच्या अंगाला, अद्रकीच्या रानातल्या विहिरीवर म्हातारा बसलेला असतो. ५ हॉर्सपॉवर, एकच सिलिंडर, हिरव्या रंगावर काळ्या तेलाची पुटं. पाटीवरचं कंपनीचं नाव कधीच घासून गेलंय. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ ची. त्यानंतर डिझेल इंजिनांचं हे घराणं मराठी मुलखात विहिरीविहिरीवर नांदलं. आता विहिरीत विजेची मोटर आहे, तरी याला कोणी भंगारात घालत नाही. लाईट गेली की हाच आठवतो. आणि जानेवारीची पहाट असली की हा नेमका तेव्हाच रुसतो.

पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी याच्याकडे नाही. हवा सोळा-सतरा पट दाबायची, तिला ५०० अंशांच्या आसपास तापवायची, तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा. एवढीच याची आग. गार लोखंड ती ऊब खातं, झिजलेल्या रिंगांतून दाब निसटतो, गोठल्यासारखं ऑइल हँडल जड करतं. म्हणून दाब सोडणारा लिव्हर उचलून आधी चाकाला वेग द्यायचा आणि मग लिव्हर पाडायचा.

दोन दणकट पोरं हँडल मारून घामाघूम होतात. म्हातारा 'भस्स' करतो नि गप्प. दमदाटी सोडावी आणि त्याच्या धुराड्याकडे बघावं. पांढरा धूर निघाला, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नाही, तर डिझेलच पोचलेलं नाही.

जाणता मिस्त्री हँडल अगदी सावकाश फिरवतो आणि कान नोझलकडे लावतो. 'चर्र' असा बारीक, कोरडा आवाज आला तर नोझल फवारतंय. नाही आला तर पाना फिल्टरच्या स्क्रूवर. दोन आटे सैल केले की डिझेलऐवजी फेस येतो. कोणीतरी टाकी कोरडी होईस्तोवर चालवलेलं असतं, कबूल कोणी करत नाही. नळीत हवा असली की पंपाचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो, नोझल उघडत नाही. बुडबुडे थांबून निवळ धार लागली की स्क्रू आवळायचा.

रिंगाच गेल्या असतील तर हवेच्या तोंडातून चमचाभर ऑइल सोडतात. तेवढ्यापुरता दाब धरतो. चमचाभरच हं! जास्त झालं तर ऑइलच जाळत सुटतो, मग डिझेल बंद करूनही आवरत नाही. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणारे महाभागही आहेत. त्यांच्यापासून लांब उभं राहावं.

लिव्हर पडतो, म्हातारा दोनदा खोकतो आणि टुकटुक सुरू होतो. मग तासाभरानं लाईट आली, तरी त्याला बंद करायला कोणी धजत नाही.