मत्स्यविनोद

मराठी एम.ए.च्या पहिल्या वर्षी 'मानसोल्लास' येतो आणि एका तासात जातो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर, शके 1051 म्हणजे 1129चा सुमार, संस्कृत ग्रंथात आढळणाऱ्या दशावतारवर्णनातल्या मराठी ओळी, आणि मराठीच्या प्राचीनत्वाचा पुरावा. परीक्षेला एवढे पुरते. त्या ओळींतला पहिला अवतार मत्स्याचा आहे, हेही आम्ही फळ्यावर लिहून देतो. मात्र याच ग्रंथाच्या विनोदविंशतीत 'मत्स्यविनोद' नावाचे गळाने मासे धरण्यावरचे एक अख्खे प्रकरण आहे, ते आम्ही वर्गात कधी उघडत नाही. त्यात सुमारे 35 जातींचे मासे सांगितले आहेत. कोणाला काय खाऊ घालावे, दोरी कशाची असावी, काठी कशी असावी, हे सारे आहे. या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी, 1951 साली. मराठीच्या प्राध्यापकांनी नव्हे. (विनोद म्हणजे तिथे मनोरंजन. विद्यार्थी हसतात ते आजच्या अर्थाला.)

आम्ही दोघेही नागपूरचे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा ही नावे आम्हांला फिरायला जाण्याच्या जागा म्हणून ठाऊक. त्यांच्या काठावर तंगूस सोडून तासन् तास बसणारी माणसे आम्ही पाहिली ती पाठमोरी. भाषेने आम्हांला गळाविषयी जे शिकवले तेही बहुतेक संशयाचेच. आमिष दाखवणे, गळाला लागणे, जाळ्यात सापडणे. ज्ञानेश्वरीत विषयसुखाला गळावरच्या आमिषाची उपमा आहे. भर्तृहरीने तर मासा पाण्यावर जगतो तरी धीवर त्याचा निष्कारण वैरी होतो असे म्हणून धीवराला व्याध आणि चहाडखोर यांच्या पंक्तीला बसवले, आणि वामनपंडितांच्या मराठी नीतिशतकातून ते आपल्या पाठांतरात आले. निष्कारण? ज्याच्या घरची चूल त्या माशावर पेटते, त्याला हा शब्द लावताना कवीने निदान तळ्यापर्यंत जाऊन यायला हवे होते. एकटा 'गळ घालणे' हा प्रयोग तेवढा आर्जवाच्या अर्थाने राहिला आहे.

अमेरिकेत या गळाचे मोठे शास्त्र झाले आहे, आणि त्याचा नायक बास नावाचा मासा. जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाने 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त, बास धरला. दिवस मंदीचे होते. तो मासा त्याच्या घरच्यांनी खाल्ला. पुढे 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून औंसभर जड मासा काढला, पण विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, म्हणून तो बरोबरीचा ठरला. एका औंसासाठी माणसे जन्म घालवतात. हेमिंग्वेचा म्हातारा निदान मासे विकून जगणारा होता. 'एका कोळियाने' शिकवताना हा फरक आम्ही आवर्जून सांगतो.

आपल्याकडे बास नाही. त्याच्या जागी मरळ आहे. नाग्यासारखे डोके, अंगावर काळसर पट्टे, आणि हवेतला श्वास घेण्याची सोय. त्यामुळे मरळ बाजारात जिवंत विकली जाते आणि तिला भावही चांगला मिळतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे कोहळी समाजाने बांधलेले जे मालगुजारी तलाव आणि बोड्या आहेत, त्या तिच्या हक्काच्या जागा. बासचे शौकीन आणि मरळीच्या मागे असणारा ढिवर यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही, तरी दोघांची युक्ती थक्क व्हावे इतकी सारखी आहे. मोठा मासा उघड्या पाण्यात नसतो; तो पाणवनस्पतींच्या सावलीत दबा धरून बसतो. आमिष बेडकाचे. ढिवर खरा बेडूक गरीला लावतो. नवे हौशी लोक रबरी बेडूक आणतात, त्याचे दोन आकडे पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणजे गवतात अडकत नाहीत. तो पानांवरून ओढत न्यायचा, मोकळ्या पाण्याचा डोळा आला की थांबवायचा. पाणी फुटते, आवाज होतो, आणि इथेच नवशिका चुकतो. झटका लगेच द्यायचा नाही. माशाने बेडूक तोंडात नीट घेईपर्यंत क्षणभर दम धरायचा. मग मात्र ढील द्यायची नाही, कारण मासा खाली गवतात शिरला की दोरी गेली. म्हणून दोरी जाड हवी, काठी ताठ. श्वासासाठी मरळ वर येते तेव्हा पाण्यावर उठणारे वलय ज्याला वाचता येते, त्याला अर्धे काम झालेलेच असते.

पण सगळ्यांत हमखास युक्ती वेगळीच आहे, आणि ती कळल्यापासून आमचे या विषयावर एकमत झालेले नाही. पावसाळ्यात मरळीची पिल्ले पाण्याच्या वरच्या थरात तांबूस झुबक्याने फिरतात, आणि आईबाप खालून त्यांची राखण करतात. त्या झुबक्यात बेडूक टाकला की मोठी मरळ त्याच्यावर तुटून पडते. भूक नसतानाही. बासचेही तसेच: नर घरट्याची राखण करतो, त्याला काढले की छोटे मासे अंडी फस्त करतात, तिकडे यावर जुना वाद आहे. म्हणजे इथे आमिष उपमेतल्यासारखे लोभाला लावलेले नसते. ते लावलेले असते राखणीला. ही उपमा आमच्या माहितीत कोणा संताने वापरलेली नाही. वापरली असती तर अर्थ उलटाच निघाला असता.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे, धरणे आले की डावपेच आलेच, त्यात नीती शोधणे हा वर्गातला आजार. दुसऱ्याला ते पटत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या एका तलावावर आम्ही हा प्रश्न एका वृद्ध ढिवर काकांपुढे ठेवला. त्या तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे, पाण्यात सोडलेले बीज रोहू-कतल्याचे, आणि मरळ ते बीज खाते; तेव्हा हिशेबाने मरळ काढलेलीच बरी. काका काही वेळ तांबूस झुबक्याकडे बघत राहिले. "सर, ते लेकुरवाळी हाये. तिले काढलं तं हे सारे पिल्लं दोन दिसात खतम. मंग पुढच्या साली मी काय काढू?" आम्ही विचारले, संस्था तर मरळ नको म्हणते ना? "संस्थेले बीज विकत भेटते," ते म्हणाले, "मरळीचं कोन देते?"

हे दया म्हणून होते की हिशेब म्हणून, यावर परतीच्या बसमध्ये साकोलीपासून नागपूरपर्यंत आम्ही भांडलो. काकांनी तोवर गरीवरचा बेडूक तसाच ठेवून, बांधाच्या पलीकडच्या अंगाला, जिथे झुबका नव्हता तिथे, काठी टेकवली होती.