काहिलीतले ठिपके

हदगावच्या बाजारातून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च आणला. रात्री दिवे घालवून पाचशेच्या नोटेवर मारला, नंबर उजळले. चिमूटभर हळद तेलात कालवली, तीही हिरवट-पिवळी पेटली. ती हळदीतल्या करक्युमिनची किमया, कार्बन डॉटची नव्हे. चमकलं की कार्बन डॉट, असं धरायचं नाही, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

*

कार्बन डॉट म्हणजे १० नॅनोमीटरच्या आतला कार्बनचा कण. २००४ साली अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात संशोधक काजळीतून कार्बनच्या नॅनोनळ्या वेगळ्या करायला बसले होते, त्यात हा चमकणारा ऐवज हाती लागला.

*

गुऱ्हाळ डोक्यातून जात नाही. गुवाहाटीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१२ साली गूळ, पाव, बिस्किटं तपासली आणि त्यांत चमकणारे कार्बनकण सापडले! साखर तापते, तिच्यातलं पाणी सुटतं, रेणू एकमेकांना धरतात आणि कार्बनच्या बारीक गाठी तयार होतात. काहिलीत रस आटतो, बुडबुडे जड होतात, गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून बघतो. लहानपणापासून हे पाहत आलो. पाक तांबूस होताना आत काय घडतंय, ते आता कळलं.

*

अंबरनाथच्या प्रयोगशाळेत २०१३ साली शिंगाड्याच्या सालीपासून हे कण केले. राउरकेल्यात त्याआधी संत्र्याच्या रसापासून. टाकाऊ सालीची ही किंमत मला फार मोठी वाटते.

*

कणांच्या अंगावर ऑक्सिजनचे गट असतात, म्हणून ते पाण्यात सहज मिसळतात. कॅडमियमसारखा विषारी धातू लागत नाही, त्यामुळे जिवंत पेशी रंगवून बघायला सोयीचे. कोणता प्रकाश टाकला त्यानुसार पुष्कळदा चमकेचा रंगही बदलतो.

*

पाण्यात फेरिक लोह असलं की चमक मंदावते. किती मंदावली, यावरून लोह किती ते मोजता येतं. फ्लोराइडसाठी उलटी रीत: आधी धातू घालून चमक विझवायची. फ्लोराइडने तो धातू ओढून घेतला की चमक परत येते. किनवट तालुक्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दात डागाळलेत. मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅमची. ही तपासणी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर व्हावी, असं फार वाटतं. पण बोअरच्या पाण्यात लोह, क्षार सगळं एकत्र असतं, आणि चमक नेमकी कोणामुळे गेली-आली हे ओळखणंच अवघड आहे.

*

गुळाचा खडा पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळला. टॉर्च मारला. फिकट, निळसर काहीतरी दिसलं, पण त्यात टॉर्चचाच जांभळा उजेड मिसळलेला. पाणी आणि डोळा यांच्यामधे पिवळा जिलेटिन कागद धरला तर तो जांभळा उजेड अडेल. उद्या स्टेशनरीच्या दुकानात विचारतो.