अमक्याचा मुलगा, तमक्याची बायको

वऱ्हाडात वंशावळ काढायची तर आधी कोतवाल बुक. जमिनीचे कागद जमीनवाल्याचे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या अस्थी घेऊन तिथवर जाऊ शकणाऱ्यांच्या. कोतवाल बुकात मात्र जो जन्मला आणि जो मेला तो येतो, घरात दाणा असो की नसो. कोतवालाला बहुधा लिहिता येत नसे. तो तोंडी सांगे, लिहिणारा मोडीत उतरवी आणि खबर ठाण्यावर जाई. नोंद चार शब्दांची: तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. पोराचं नाव नाही, कारण बारशाच्या आत खबर गेलेली असे. आईचं नाव नाही. त्याला मात्र कोणी कारण शोधत बसलं नाही. मरणाच्या पानावरही बाई जाते ती 'तमक्याची बायको' म्हणूनच.

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती आली आणि आम्हा मोडीवाल्यांना एकदम भाव आला. लोक येतात, 'कुणबी' शब्दाची एक ओळ हेरतात, नक्कल काढतात आणि जातात. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, तो हाती आला की बुक बंद. त्यांचं चुकत नाही, पोराची ॲडमिशन अडलेली असते. पण दाखल्याला बापाकडची रेघ पुरते. नातं हुडकायचं तर आईकडून शिरावं लागतं, असं माझं मत होत चाललंय.

मागे पुण्याच्या एक बाई आल्या. घर ख्रिस्ती, पणजोबा दुष्काळात मिशनच्या अनाथालयात वाढलेले. वऱ्हाडाला १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ बसले. जनगणनेत बुलडाणा जिल्ह्याची वस्ती १८९१ ला ४ लाख ८१ हजार, १९०१ ला ४ लाख २४ हजार. सरकारने खडी फोडायची कामं काढली, अपंग-म्हाताऱ्यांना फुकट मदतही दिली. पण अहवालांत ही माणसं येतात ती बेरजेत. नावं टिकली ती मिशनच्या वह्यांत. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतातून दुष्काळग्रस्त मुली आणल्या, वऱ्हाडात अलायन्स मिशनने पोरं सांभाळली.

बाईंच्या हातात बाप्तिस्म्याच्या वहीतली एक ओळ होती: पूर्वीचं नाव किसन, बाप तुळशीराम, धाकटी बहीण सोबत, घाटाखालचा. बुलडाण्याच्या माणसाला 'घाटाखालचा' एवढं पुष्कळ झालं. घाटावरचे चिखली-मेहकर बाद, मलकापूर, नांदुरा, खामगाव, जळगाव जामोद बघायचं. पण तुळशीराम कुठल्या गावात नाही? म्हणून मी नाव सोडलं आणि घर शोधायला लागलो: जिथे तुळशीराम आणि तुळशीरामची बायको मागोमाग गेले, पण पोरांची मरणनोंद नाही.

मलकापूरकडच्या एका गावाचं १९०० च्या पावसाळ्यातलं पान अजून डोळ्यांपुढे आहे. कारणाच्या रकान्यात वर एकदा 'पटकी', खाली 'सदर', 'सदर', 'सदर', पार तळापर्यंत. वर अक्षर गोलसर, खाली नुसत्या ओढलेल्या रेघा. त्यात तुळशीराम, आणि चार ओळी सोडून त्याची बायको. मागे जाऊन मुलीचा जन्मही सापडला. मुलाचा नाही.

इथे बरेच जण हात टेकतात. पण किसन थोरला, आणि पहिलं बाळंतपण माहेरी! त्या गावच्या बुकात त्याचा जन्म सापडेलच कसा? मग आसपासच्या गावांची बुकं काढली आणि नदीपलीकडच्या गावात ओळ मिळाली: मुलगा, बाप तुळशीराम, आणि पुढे बापाचं गाव लिहिलेलं. लिहिणाऱ्याने ते गाव लिहायचा कंटाळा केला असता तर सगळं तिथेच संपलं होतं. पोराचा पत्ता लावायला गेलो आणि त्याच्या आईचं माहेर हाती लागलं, जे कुठल्याच वहीत कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

कोर्टात हे टिकणार नाही, असं मी बाईंना स्वच्छ सांगितलं. दुसरा एखादा तुळशीराम असूही शकतो. त्या म्हणाल्या, "काका, मला कुठे दाखला काढायचाय?" आता माहेरच्या गावचे हक्कनोंदीचे जुने कागद मागवलेत, मामाच्या घराचं आडनाव लागलं तर त्यांना तिथे जायचंय. नातं सांगत कोणी परकं दारात आलं की गावाला आधी हिश्श्याची शंका येते. म्हणून मी बजावून ठेवलंय, की ओसरीवर बसायच्या आधीच 'आम्हाला जमिनीतलं काही नको' हे बोलून टाका. चहा त्यानंतर येईल.